जड विमान हांकतांना

आमचें घर घाटकोपरास, रेल्वेच्या पूर्वेच्या अंगाला आहे. वारा पश्चिमेचा असला म्हणजे सांताक्रूझच्या विमानतळावर उतरणारीं विमानें आमच्या गच्चीवरून खालीं खालीं येत जातात. त्यामुळें आमच्या आळींतील माणसांना एक संवय जडली आहे. बोलतां बोलतां मध्येंच थांबावयाचें आणि विमान गेलें कीं वाक्य तेथूनच पुढें चालू करावयाचें. पाहुण्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. अशा ठिकाणीं तीस वर्षें काढलेल्या, आणि कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानें विमानांविषयीं बोलावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें इतकेंच कीं, ज्या विमानाविषयीं मी आज बोलणार आहें, तें मी संगणकाच्या पडद्यावर उडवितों.

आपल्यापैकीं कांहींजण हंसतील. मीहि प्रथम हंसलोंच होतों. माझा नातू मुलुंडास राहतो. तीन वर्षांपूर्वीं त्याला नवा संगणक मिळाला, तेव्हां जुना त्यानें माझ्या टेबलावर आणून ठेवला, शेजारीं एक जॉयस्टिक लावून दिली आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही आम्हांला न्यूटन शिकवितां ना? आतां न्यूटन हांकून दाखवा."

तो खेळ म्हणजे 'आय. एल. टू स्टर्मोव्हिक'. रशियांत तयार झालेला, २००१ सालीं बाजारांत आलेला. पुढें '१९४६' या नांवानें त्याची मोठी आवृत्ति निघाली, तीच आमच्याकडे आहे. आजच्या मुलांच्या लेखीं ही पुराणवस्तूच. परंतु मला त्यांत जें दिसलें तें निराळें होतें. इतर खेळांत चित्र हलतें. येथें हिशेब हलतो. विमानाचें वजन किती, पंख किती हवा दाबतात, हवेचा रोध किती, एंजिनाची ओढ किती, हें सारें संगणक क्षणाक्षणाला मोजतो आणि त्या मोजणीचें उत्तर म्हणून विमान पडद्यावर वळतें, चढतें किंवा कोसळतें. विमान खोटें खरें, पण नियम खरे. आयुष्यभर फळ्यावर खडूनें काढलेले बाण मला प्रथमच हाताला जाणवले.

विमान निवडावयाची वेळ आली तेव्हां यादींत स्पिटफायरसारखीं देखणीं विमानें होतीं. मीं थंडरबोल्ट निवडलें. कारण सांगावयास संकोच वाटतो, पण तें सर्वांत दणकट दिसलें एवढेंच. म्हातारा माणूस बसण्यापूर्वीं खुर्ची पारखून घेतो, त्यांतलाच तो प्रकार.

ह्या विमानाचें वजन म्हणजे काय चीज आहे, हें समजण्यासाठीं आपल्या उपनगरांतीलच एक विमान शेजारीं ठेवून पाहूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, वाटेंत अहमदाबादेस थांबून, जुहूच्या मैदानावर उतरले. पार्ले-अंधेरीच्या जुन्या मंडळींना ही कथा पाठ आहे. पावसाळ्यांत जुहूचें तें मैदान चिखलपाण्यानें भरून जाई, म्हणून टपालाचीं विमानें पुण्यास हलवावीं लागत, हेंहि त्यांना ठाऊक आहे. टाटांचें तें 'पुस मॉथ' विमान भरल्या वजनीं सव्वानऊशें किलोंच्या आसपास. एंजिन सुमारें १२० अश्वशक्तीचें. त्यानंतर नऊ वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, ६ मे १९४१ रोजीं, थंडरबोल्टचा पहिला नमुना अमेरिकेंत आकाशांत गेला. लढाईस निघालेलें थंडरबोल्ट सहा हजार किलोंच्या घरांत भरे. बाँब आणि जादा टाक्या टांगल्या तर तें आठ हजारांच्या जवळ जाई. अठरा सिलिंडरांचें एंजिन दोन हजार अश्वशक्तीचें. पंखांत आठ मशीनगना. एका वैमानिकासाठीं एवढा संसार!

अलेक्झांडर कार्तवेली या, जॉर्जियांतील तिफलिस येथें जन्मलेल्या इंजिनीयरानें त्याची आखणी केली. विमानाचें पोट इतकें मोठें कां, याचें उत्तर त्याच्या शेपटाकडे आहे. एंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि विरळ हवा दाबून पुन्हां एंजिनाला पुरविणारा टर्बो वैमानिकाच्या बराच मागें बसविलेला होता; पुढच्या एंजिनापासून मागें आणि मागून पुढें अशा नळ्या पोटांतून नेलेल्या होत्या. यामुळें आठ-नऊ हजार मीटर उंचीवर, जेथें इतर विमानें धापा टाकीत, तेथें हें विमान ताजेंतवानें असे. वैमानिक लाडानें त्याला 'जग' म्हणत. कोणी म्हणतात, दुधाच्या चंबूसारखा आकार म्हणून. कोणी म्हणतात, तें 'जगरनॉट'चें संक्षिप्त रूप. दुसरी व्युत्पत्ति खरी असेल, तर हें नांव पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून फिरत फिरत अमेरिकेस गेलें असें म्हणावें लागेल. मला ती मानावयास आवडते. आणि हें विमान आपल्याला अगदींच परकें नव्हे. १९४४ पासून ब्रिटिश हवाई दलाच्या अनेक तुकड्या तें घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशीं लढल्या.

आतां माझी फजिती ऐका. पहिले तीन दिवस मला जमिनीवरून उठतांच येईना. थ्रॉटल एकदम पुढें ढकलला कीं त्या अवाढव्य पंख्याच्या फिरण्यानें नाक डावीकडे ओढ घेई आणि विमान धांवपट्टी सोडून गवतांत शिरे. थ्रॉटल हळूहळू वाढवावा आणि उजवा रडर नाक ओढण्यापूर्वींच द्यावा, मागाहून नव्हे, एवढी एक गोष्ट शिकण्यास मला पंधरा-वीस विमानें मोडावीं लागलीं. धांवपट्टीहि लांबच लांब लागते. स्पिटफायर जेथें उठून वर गेलेलें असतें, तेथें आपण अजून चाकांवर खडखडत असतों. धीर धरावा, वेग आल्याखेरीज दांडा ओढूं नये.

उठतां येऊं लागल्यावर खरी दुर्दशा सुरू झाली. समोर जपानी 'झीरो' विमान यावें, मीं त्याच्या मागें वळावें, त्यानें माझ्याहून आंतून वळावें, मीं आणखी जोरानें वळावें, आणि दुसऱ्या फेरींत तें माझ्या शेपटामागें असावें. एका शनिवारीं मी सलग अकरा वेळां मारला गेलों. नातू मागें खुर्चींत बसून मोजीत होता. त्यानें माझ्या विमानाचें नांव 'म्हैस' ठेवलें.

अकराव्या वेळीं मीं संगणक बंद केला आणि कागद घेतला. शिक्षकाची खोड! झीरो भरल्या वजनीं अडीच हजार किलोंच्या आसपास. पंखांचें क्षेत्र साडेबावीस चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरावर एकशेंदहा किलोंच्या आसपास भार. थंडरबोल्टचे पंख अठ्ठावीस चौरस मीटर, वजन सहा हजार, भार दोनशेंपंधरा. विमान साठ अंश कलवून एकाच पातळीवर वळविलें तर पंखांना वजनाच्या दुप्पट भार तोलावा लागतो. पंचाहत्तर अंशांवर तो चौपटीच्या जवळ जातो. म्हणजे माझ्या म्हशीला त्या वळणांत चोवीस हजार किलो उचलावे लागत होते. पंखांनीं जितकें अधिक उचलावें तितका त्यांच्यामुळें होणारा हवेचा रोधहि वाढतो, आणि तो वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दुप्पट उचललें कीं हा रोध चौपट. मी वळत नव्हतों, मी वेग जाळीत होतों. आणि वेग गेलेलें जड विमान म्हणजे हवेंत टांगलेलें लोखंड.

मग हें विमान लढत होतें तरी कसें? तेव्हां मला माझे एक मामा आठवले. ते हवाई दलांत फिटर होते आणि टेम्पेस्ट विमानांच्या एंजिनांवर त्यांनीं काम केलें होतें. टेम्पेस्ट हें आपल्या हवाई दलाचें जड लढाऊ विमान. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईंत त्यानें भाग घेतला. त्याच्या सेंटॉरस एंजिनालाहि अठराच सिलिंडर. काडतूस उडवून तें सुरू करीत, आणि तो बार ऐकण्यासाठीं आसपासचीं पोरें कुंपणाशीं जमत, असें मामा सांगत. त्यांचें आणखी एक बोलणें माझ्या लहानपणापासून मनांत राहिलें होतें. ते म्हणत, स्पिटफायरवरून आलेला वैमानिक पहिला आठवडा टेम्पेस्टला शिव्या देतो, आणि दुसऱ्या आठवड्यांत तें सोडावयास तयार नसतो. त्या एका आठवड्यांत काय होत असावें, हें मामांनीं सांगितलें नाहीं. कदाचित् तें त्यांना ठाऊक नसेल. ते एंजिनाचे माणूस होते.

माझ्या मतें त्या आठवड्यांत वैमानिक वळणें सोडून देत असावा आणि उंची मोजूं लागत असावा. पुन्हां थोडें गणित सांगतों, कंटाळूं नका. ताशीं ५०० किलोमीटर वेगानें जाणारें विमान सगळा वेग खर्चून सरळ वर चढलें, आणि हवेचा रोध क्षणभर विसरलों, तर तें सुमारें एक हजार मीटर चढेल. याचा अर्थ ५०० चा वेग ही केवळ एक हजार मीटरांची पुंजी. तुम्ही सहा हजार मीटर उंचीवर असाल तर तुमच्याजवळ त्या वेगाच्या सहापट पुंजी उंचीच्या रूपानें जमा आहे. वेग म्हणजे खिशांतील नाणीं, उंची म्हणजे पेढींतील ठेव. वळण घेणें म्हणजे नाणीं समुद्रांत फेंकणें. सूर मारणें म्हणजे ठेव मोडून नाणीं घेणें. आणि सुरानंतर सरळ वर जाणें म्हणजे उरलेलीं नाणीं पुन्हां पेढींत भरणें.

एखादा चाणाक्ष श्रोता येथें विचारील कीं, ह्या हिशेबांत वजन आलेंच कोठें? गॅलिलिओनें तर सांगून ठेवलें आहे कीं जड आणि हलकें सारख्याच वेगानें पडतें. शंका रास्त आहे. निर्वात जागेंत जड विमानाला कांहींच फायदा नाहीं. फायदा आहे तो हवेंत. गोटी आणि तेवढाच कापसाचा बोळा गच्चीवरून सोडून पाहा. हवेचा रोध विमानाच्या आकारमानावर अवलंबून असतो. थंडरबोल्ट झीरोच्या जवळजवळ अडीचपट जड, पण रोध कांहीं त्या प्रमाणांत वाढलेला नसतो. म्हणून सुरांत तें वेग धरतें, आणि धरलेला वेग लवकर सोडीत नाहीं. ज्या वजनाला मी शिव्या देत होतों तेंच त्याचें भांडवल होतें.

एवढें उमगल्यावर रीत आपोआप ठरली. आधीं चढावयाचें, आणि शत्रु दिसण्यापूर्वीं चढावयाचें. हें विमान मंद चढतें. शत्रु दिसल्यावर चढूं लागणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें. सहा हजार मीटरांखालीं मी सहसा झुंज सुरू करीत नाहीं. इंधन अर्धेंच घेतों. टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारें हजार किलो केवळ पेट्रोलचेच होतात, आणि आमची झुंज अर्ध्या तासापलीकडे जात नाहीं. शत्रु खालीं दिसला कीं एकदम झडप घालावयाची नाहीं. तो एकटा आहे कीं वर त्याचा जोडीदार आहे, सूर्य कोणाच्या पाठीशीं आहे, आपण सूर मारून पलीकडे निघूं तेव्हां पुढें काय असेल, हें पाहून घ्यावयाचें. मग नाक खालीं घालून, त्याच्या मागून आणि किंचित् बाजूनें उतरावयाचें.

गोळी झाडण्याचीहि एक गंमत आहे. आठ मशीनगना दोन पंखांत विभागलेल्या असतात आणि त्यांच्या धारा एका ठराविक अंतरावर एकत्र येतात. आमच्या खेळांत तें अंतर आपणच ठरवूं शकतों. मीं अडीचशें मीटर ठेविलें आहे. त्याच्या अलीकडून किंवा बऱ्याच पलीकडून झाडलें तर शत्रूच्या दोन्ही बाजूंनीं गोळ्या निघून जातात आणि आपल्याला वाटतें बंदूक बिघडली. अडीचशें मीटरांवर मात्र एक सेकंदहि पुष्कळ होतो. सुरांत तो एक सेकंदच मिळतो. नेम चुकला, तरी चुकला. त्याच्यामागें वळावयाचें नाहीं. हें 'वळावयाचें नाहीं' सांगावयास सोपें आणि पाळावयास महाकठीण आहे. तो अगदीं समोर, हाताच्या अंतरावर, डावीकडे वळत असतो. मनगट आपोआप डावीकडे जातें. मला तें आवरण्यास दोन महिने लागले. सरळ पुढें निघून जावें, अंतर पडूं द्यावें, आणि मग वेगाच्या जोरावर अलगद वर चढावें. झीरो मागें येऊं लागतो, पण त्याच्याजवळ तेवढा वेग नसतो. तो आपल्याखालीं लटपटत राहतो. मग पुन्हां तोच क्रम. पाहणाऱ्याला ही लढाई कंटाळवाणी वाटते. शूरत्वाच्या कथांत शोभेल असें तींत कांहीं नाहीं.

आणि उंची नसतांना शत्रु मागें लागला तर? ह्या प्रश्नाचें चांगलें उत्तर मला सांपडलें नाहीं. त्या वेळीं सरळ पळावें, वळूं नये.

सुराविषयीं मात्र सावध केलें पाहिजे, कारण हें विमान ज्यांत पटाईत त्यांतच तें घातकी आहे. १९४२ च्या नोव्हेंबरांत दोघां अमेरिकन वैमानिकांनीं थंडरबोल्टच्या सुरांत ताशीं ७२५ मैलांचा वेग गांठल्याचें प्रसिद्ध झालें आणि ध्वनीपेक्षांहि वेगवान् विमान म्हणून मोठा गवगवा झाला. तें खरें नव्हतें; तेवढ्या वेगांत वेगमापकच खोटें बोलतो. परंतु त्या सुरांत दांडा दगडासारखा होतो, हें मात्र खरें होतें. ध्वनीचा वेग समुद्रसपाटीजवळ सेकंदाला सुमारें ३४० मीटर असतो. दहा हजार मीटरांवरील थंडींत तो ३०० च्या आसपास येतो. म्हणजे जितकें उंच जावें तितकी ही अदृश्य भिंत जवळ सरकते. विमान तिच्या जवळ गेलें कीं पंखांवरील हवेचा ओघ बदलतो आणि नाक उचलेनासें होतें. खालच्या उबदार, दाट हवेंत उतरल्यावर ताबा पुन्हां येई. मात्र तोंपर्यंत खालीं जागा उरली पाहिजे. पुढच्या थंडरबोल्टांना ह्यासाठीं पंखांखालीं खास झडपा बसविल्या गेल्या. आमच्या जुन्या खेळांत हें सारें बारकाव्यानें उतरलेलें नाहीं. तरीहि सूर लांबला कीं दांडा जड होतोच, आणि घाबरून तो सगळा ओढला कीं डोळ्यांपुढें अंधारी येते, पंख हवा सोडतात आणि विमान उलटें होऊन फिरूं लागतें. उपाय एकच: थ्रॉटल आधींच मागें घ्यावा, आणि नाक थोडें, फार थोडें, पण लवकर उचलावयास लागावें. बंगालच्या उपसागरांत मीं किती थंडरबोल्ट पोंचविलीं याची मोजदाद नातवाजवळ आहे.

आतां नातवाविषयीं. तो सोळा वर्षांचा आहे आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनींत जाण्याचें त्याच्या मनांत आहे. तो स्पिटफायर उडवी. चपळ विमान, चपळ हात. माझी रीत पाहून तो म्हणे, "आजोबा, हें लढणें नव्हे, ही वसुली आहे." तरीहि मी मारला जाईनासा झालों, तसा तो हळूहळू माझ्या खुर्चींत बसूं लागला.

गेल्या पावसाळ्यांतील एका शनिवारची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, आणि तो थंडरबोल्ट घेऊन चार हजार मीटरांवर निघाला होता. सोबत एक जोडीदार विमान; तें संगणकच उडवीत होता. खालीं दोन झीरो दिसले. दोघांनींहि सूर मारला. नातवाचा नेम हुकला. पण तो शहाण्यासारखा सरळ निघून वर चढूं लागला. जोडीदार मात्र वळला. थोड्याच वेळांत तो समुद्राच्या पृष्ठभागाजवळ दोन झीरोंच्या मध्यें सांपडला आणि रेडिओवर मदतीसाठीं हांका येऊं लागल्या. नातवाचा वेग संपत आलेला, उंची निम्मी जमा झालेली. तेथूनच वळून खालीं गेला असता तर वेग नसलेलें जड विमान घेऊन दोघां हलक्यांच्या वळणांत शिरला असता. त्यानें माझ्याकडे पाहिलें.

मीं म्हटलें, "वर जा."

तो वर गेला. पाऊण मिनिट लागलें असेल. तेवढ्या वेळांत हांका थांबल्या. मग त्यानें सूर मारून एक झीरो पाडला, अचूक अडीचशें मीटरांवरून, आणि तो परत येऊन सुखरूप उतरला. त्याआधीं इतकें नीटस उतरणें त्याला कधीं साधलें नव्हतें. मीं शाबासकी दिली. तो कांहीं बोलला नाहीं. एंजिन बंद केल्यावर त्यानें विचारलें, "आजोबा, खऱ्या लढाईंत असतां तर तुम्ही मला वर जा म्हणालां असतां?"

मीं शिक्षकाप्रमाणें उत्तर देण्यास सुरुवात केली. एका विमानाऐवजीं दोन गेलीं असतीं, तूं खालीं जाऊनहि तो वांचला नसता, वगैरे. हिशेब बरोबर होता. त्यानें तो पुरा ऐकून घेतला आणि म्हणाला, "हो, पण तो ओरडत होता."

श्रोतेहो, तो कोणी नव्हता. तो संगणकाचा आवाज होता, हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें. तरी त्या दिवशीं आम्हीं पुढें खेळलों नाहीं. गच्चीवरून विमानें जात होतीं, आणि मला २८ जून २०१८ ची दुपार आठवली. जुहूहून चांचणीसाठीं निघालेलें एक लहान विमान त्या दिवशीं घाटकोपरच्या पश्चिमेस, जीवदया लेनमध्यें कोसळलें. विमानांतील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पांच जीव गेले. तेव्हांहि पाऊसच होता. ती गल्ली आमच्या घरापासून फार लांब नाहीं. नातवानें ती पाहिलेली आहे. मीं त्याला त्या वेळीं कांहींच म्हटलें नाहीं, पण तोहि तेंच आठवीत असावा. कारण पुढच्या शनिवारीं त्यानें स्वतःच एक नियम सुचविला.

खेळांत विमान पडलें कीं पडद्यावर पुन्हां उडण्याची सोय असते. एक कळ दाबली कीं नवें विमान, नवा प्राण. नातवाचा नियम असा, कीं ती कळ दाबावयाची नाहीं. पडलें कीं त्या दिवसापुरता संगणक बंद. पुढचें उड्डाण पुढच्या शनिवारीं. मीं कबूल केलें, आणि त्यानंतरच्या चारहि शनिवारीं माझा खेळ दहा मिनिटांत आटोपला, हेंहि कबूल करतों. परंतु ह्या एका नियमानें जें झालें तें माझ्या कागदावरच्या गणितानें झालें नव्हतें. आठवड्याला एकच प्राण आहे म्हटल्यावर स्पिटफायर उडविणारा हा मुलगा आपण होऊन आधीं चढूं लागला. शत्रु समोर वळला तरी त्याचें मनगट हलेना. जोडीदार सूर मारण्यापूर्वीं तो आतां वर कोण आहे तें पाहून घेतो. आणि जोडीदार वळूं लागलाच, तर त्यानें वळण पुरें करण्यापूर्वींच हा वरून त्या झीरोवर येतो. म्हणजे वर जाण्याची पाळी येण्याच्या आधींच तो वर असतो. त्याच्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे, हें मी जाणतों. खालून हांक आली आणि आपण अर्ध्या उंचीवर असलों तर काय करावें, ह्याविषयीं आम्ही अजून भांडतों. परवां गॅसवरील दूध उतूं जाईपर्यंत भांडलों.

गेल्या हिवाळ्यांत एका लग्नानिमित्त आम्ही दिल्लीस गेलों होतों. नातवाच्या हट्टानें एक दिवस राखून पालमचें हवाई दलाचें संग्रहालय पाहिलें. तेथें एक टेम्पेस्ट जपून ठेवलेलें आहे. मामांच्या हाताखालून गेलेल्यांच्या जातीचें. चित्रांत आणि पडद्यावर हीं विमानें पाहून पाहून त्यांचा खरा आकार आपण विसरतों. नातू प्रथम पंख्यासमोर मान वर करून उभा राहिला. मग त्यानें पंखाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पावलें मोजलीं. एकचाळीस फूट असावयास हवेत हें त्याला पाठ होतें. मोजणी कांहीं जुळेना, म्हणून तो परत गेला आणि टांचेला टांच लावून पुन्हां मोजूं लागला. मी कॉकपिटाखालीं उभा राहून वर पाहत होतों. एवढ्या मोठ्या यंत्रांत माणसासाठीं ठेवलेली जागा आमच्या स्वयंपाकघरांतील फडताळाएवढीहि नव्हती.